‘पास आउट’ झालेली मराठी

अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या दाराशी क्षणभर उभे राहावे. ‘तू कधी पास आउट झालास?’ हा प्रश्न कानी पडतोच. विचारणारा मराठी, उत्तर देणाराही मराठी. लंडनमधील एखाद्याने हे ऐकले, तर तो काळजीने विचारील, ‘आता प्रकृती कशी आहे?’ कारण तेथील रोजच्या बोलीत या शब्दजोडीचा पहिला अर्थ शुद्ध हरपणे हा आहे. मद्याच्या अमलाखाली आडवे होणे हेही त्यातच आले!

मग पदवीशी तिचा संबंध काय? ब्रिटिश लष्करी परिभाषेत प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे यालाही हेच शब्द आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील ‘पासिंग आउट परेड’ त्याच परंपरेतील. तेव्हा भारतीय इंग्रजीतील हा प्रयोग अगदीच निराधार नाही. परदेशी विद्यापीठाच्या मुलाखतीत मात्र तो कटाक्षाने टाळावा.

खरा प्रश्न मराठीचा आहे. सैन्यातील त्या सोहळ्यालाही मराठी वृत्तपत्रे ‘दीक्षान्त संचलन’ असा भारदस्त शब्द योजतात. ‘उत्तीर्ण’ शब्दात ‘तॄ’ धातू आहे. पाणी तरून पलीकडच्या तीरावर पोहोचलेला, तो उत्तीर्ण. ‘स्नातक’ म्हणजे गुरुगृहीचे अध्ययन संपल्यावर समावर्तनाचे स्नान केलेला. पहिला शब्द परीक्षेचा, दुसरा विद्येच्या पूर्ततेचा. ‘पास आउट’ने हा भेद पुसला. दोन विषयांत ‘केटी’ लागलेला विद्यार्थीही महाविद्यालयातून बाहेर पडतोच. त्याला काय म्हणायचे?

शुद्ध हरपण्यासाठी तरी मराठीत शब्दांची वाण आहे काय? भोवळ, घेरी, चक्कर, मूर्च्छा. प्रत्येकाची छटा वेगळी. भोवळ येणारा सावरू शकतो, मूर्च्छित झालेल्याला इतरांनी सावरावे लागते. संध्याकाळच्या बोरिवली गाडीत गर्दीने कुणी कोसळले, तर आजही डब्यात ‘चक्कर आली, पाणी द्या’ असेच ओरडले जाते. संकटात मातृभाषा आठवते, प्रतिष्ठा मिरवताना नाही!

‘पास होणे’ मराठीत केव्हाच मुरले. त्याला कुणाची हरकत नाही. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रूढ केले, कारण तेथे पर्याय घडवावा लागत होता. येथे तो घडवायचाही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा उपनगरांत पेढे वाटले गेले. त्याच उपनगरांतील मराठी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची स्नेहसंमेलनाची निमंत्रणे येतात, तीही ‘पास आउट बॅच’ या मथळ्याखाली.