ठसा आम्हालाही दिसू द्या
गूगलच्या सुंदर पिचई यांना भोकरदनहून खुले पत्र

श्री. सुंदर पिचई,
मुख्य कार्यकारी अधिकारी, गूगल



जालन्याहून निघून राजूरच्या गणपतीला हात जोडले की पुढे केळना नदीच्या काठी आमचं भोकरदन लागतं. तुमच्या नकाशात ते आहे. पण हे पत्र नकाशाबद्दल नाही, तुमच्या त्या केळ्याबद्दल आहे.

२६ ऑगस्ट २०२५ रोजी तुमच्या कंपनीने जेमिनी ॲपमध्ये फोटो बदलून देणारी नवी सोय आणली. तिचं अधिकृत नाव लांबलचक होतं. चाचणीच्या वेळी पडलेलं ‘नॅनो बनाना’ हे टोपणनाव मात्र जगभर चिकटलं आणि तुम्हीही समाजमाध्यमावर केळ्याची चित्रं टाकून त्याला हातभार लावलात. थोड्याच दिवसांत हा प्रकार आमच्या बसस्टँडपर्यंत आला. आधी आली बाहुली. आपला फोटो टाकायचा आणि आपलीच छोटी मूर्ती मिळवायची : टेबलावर उभी, पायाखाली पारदर्शक बैठक, बाजूला खेळण्याचा खोका, मागे संगणकाचा पडदा. ज्याच्या घरात ना टेबल ना संगणक, त्याचीही मूर्ती त्याच टेबलावर उभी. मग सप्टेंबरात साडी आली. शिफॉनची साडी, वाऱ्यावर पदर, केसांत फूल, मावळतीचं सोनेरी ऊन, जुन्या हिंदी सिनेमातल्या नायिकेचा थाट. त्यासाठी यंत्राला द्यायची आज्ञा इंग्रजीत होती आणि ती एका मोबाईलवरून दुसऱ्यावर जशीच्या तशी फिरत होती. तिच्यातला शब्द न् शब्द कळायची कोणाला गरज नव्हती. चिकटवायची आणि वाट पाहायची.

याला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. फोटोत नसलेलं दाखवायची हौस आमच्याकडे जुनी आहे. फोटो स्टुडिओच्या पडद्यावर ताजमहाल किंवा काश्मीरचं तळं रंगवलेलं असायचं आणि त्याच्यापुढे नवं जोडपं अवघडून उभं राहायचं. आजही वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘दादा’च्या मागे सिंह डरकाळी फोडत असतो. ज्या बाईने जन्मात शिफॉन नेसली नाही, तिने स्वतःला एकदा नायिका म्हणून पाहिलं तर कोणाचं काय बिघडलं? फरक एवढाच की स्टुडिओतला ताजमहाल पडद्यावरचा आहे हे बघणाऱ्याला कळायचं. फ्लेक्सवरचा सिंह भोकरदनला आला होता का, असं कोणी विचारलं नाही.

आता थोडं जुनं सांगतो. मूर्ती घडवण्याच्या बाबतीत आमचं गाव तुमच्यापेक्षा दोनेक हजार वर्षांनी वडील आहे.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांची इथल्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या कोरीव लेखांत या गावचे लोक आहेत. सातवाहनांच्या काळात पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून जहाजाने रोमी जगात. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या दोन्ही गावांची नावं आहेत. त्या व्यापाराच्या पट्ट्यातलंच भोगवर्धन. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, १९७४ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल निघाला. जमिनीखालून कारागिरांचं गाव वर आलं. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्ती होत्या.

या मूर्तींची बहीण त्याआधीच, १९३८ साली, इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती. व्हेसुव्हियस इसवी सन ७९ मध्ये फुटला, त्या राखेखाली एका घरात ती गाडली गेली होती. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं साहित्य घेतलेल्या दासी, आणि डोक्यातून खाली आरपार भोक. म्हणजे ती नुसती शोभेची नसावी, आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असावा. आधी सगळे तिला लक्ष्मी म्हणाले, मग यक्षी म्हणू लागले. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती मथुरेची असावी असा पहिला समज होता. पण भोकरदनला तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती मिळाल्या आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती घडली भोकरदनला असं मत मांडलं. वाद मिटलेला नाही, कारण मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे : खरोष्ठी लिपीतलं ‘शि’. ही लिपी आमच्याकडची नाही, वायव्येकडची. म्हणून काहींना वाटतं की मूर्ती त्या भागात घडली किंवा निदान तिथून गेली. बहुधा ती कारागिराची किंवा जोडणाऱ्याची खूण असावी.

त्या एका अक्षरासाठीच मी तुमच्या वेळेतली ही पाच मिनिटं घेतली, पिचईसाहेब. ते दागिन्यांत लपवलेलं नाही, तळाशी कोरलेलं आहे. मूर्ती उलटी करणाऱ्या कोणालाही ते दिसतं, लिपी येत नसली तरी. एवढी बारकी खूण, पण दोन हजार वर्षांनी पुरातत्त्वज्ञ तिच्यावर भांडू शकतात, कारण ती डोळ्यांना दिसते.

तुमच्या कारखान्यातल्या चित्रांवरही खूण असते. २०२३ पासून तुम्ही तिला सिंथआयडी म्हणता. चित्राच्या ठिपक्यांतच ती विणलेली असते, चित्र कापलं किंवा दाबून लहान केलं तरी टिकते, असं तुमची कंपनी सांगते. विज्ञान म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण ती मानवी डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती कोपऱ्यातली चिमुकली चांदणी, आणि ती बोटाने एकदा कापली की संपली. ‘एआय अल्ट्रा’ ही तुमची महागडी वर्गणी भरणाऱ्यांच्या चित्रांवर तर तीही नसते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याचं चित्र जास्त खरं दिसणार. हा उलटा न्याय मला समजलेला नाही.

तुम्ही म्हणाल, नोव्हेंबर २०२५ पासून आम्ही तपासायची सोय दिली आहे. जेमिनीत चित्र टाका, हे गूगलच्या यंत्राने केलं का विचारा, उत्तर मिळेल. खरं आहे. पण आमच्याकडे चित्र कसं येतं ते पाहा. ते व्हॉट्सॲपच्या भावकीच्या गटात येतं, रात्री साडेदहाला, कोणीतरी पुढे ढकललेलं, सोबत ‘लगेच सगळीकडे पाठवा’. ते उतरवून, दुसरं ॲप उघडून, खात्यात शिरून, प्रश्न लिहून कोण विचारणार? विचारलं आणि यंत्राने खूण सापडली नाही असं सांगितलं, तर माणूस त्याचा अर्थ काढणार : खरं आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की त्यात गूगलची खूण सापडली नाही. दुसऱ्या कोणाच्या कारखान्यातलं असू शकतं. हे वाक्य उत्तरात ठळक आणि साध्या मराठीत असलं पाहिजे. यंत्राला मराठी येतंच. २०२४ मध्ये तुम्ही जेमिनी लाइव्हला नऊ भारतीय भाषा शिकवल्यात, त्यांत मराठी होती.

भोकरदनला याची एवढी निकड का, तेही सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात आमच्या भागातले भाजप नेते रावसाहेब दानवे यांची एक चित्रफीत देशभर फिरली. फोटो काढताना ते बाजूच्या माणसाला पायाने सारताना दिसत होते. तो माणूस पुढे येऊन म्हणाला, मी त्यांचा जुना मित्र, त्यांचा शर्ट नीट करायला गेलो होतो. मग ज्याने त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे अर्थ लावला. पण प्रसंग घडला की नाही, यावर वाद नव्हता. यापुढच्या प्रत्येक निवडणुकीत पहिला वाद यावरच होईल. पुढारी खऱ्या चित्रफितीलाही ‘एआय आहे’ म्हणून मोकळे होतील, आणि विरोधक खोटी चित्रफीत खरी म्हणून फिरवतील. गावात दोन्ही खपतं.

पुढारी स्वतःचं पाहून घेतील. मला काळजी आहे ती वेगळ्या फोटोंची.

ज्या सप्टेंबरात शिफॉनची साडी गाजली, त्याच सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. सोयाबीन पाण्यात, कपाशी पाण्यात. व्हॉट्सॲपवर स्टेटस बघायला घेतले की एका बोटाला सोनेरी उन्हातली नायिका, दुसऱ्या बोटाला गुडघाभर पाण्यातलं पीक. दोन्ही फोटो एकाच मोबाईलमधले, कधी एकाच घरातले. आज शेतकऱ्याचा फोटो हा त्याचा दस्तऐवज आहे. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये तो स्वतःच्या वावरात उभा राहून पिकाचा फोटो काढतो. पीकविम्यात २०२४ पर्यंत नुकसान झालं की ७२ तासांत कळवावं लागायचं. पंचनाम्याला कोणी आलं नाही की हातात उरतो तो मोबाईलमधला फोटो. यंत्राने केलेले बुडालेल्या पिकाचे फोटो एकदा का गावोगाव फिरू लागले, की कार्यालयातला माणूस खऱ्या फोटोकडेही डोळे बारीक करून बघणार. ‘हे तर आजकाल कोणीही बनवतं’, एवढं एक वाक्य पुरेल. खोट्याला खरं मानलं जाईल हा अर्धा धोका झाला. खऱ्याला खोटं म्हणता येईल हा उरलेला अर्धा, आणि तो गरिबाच्या माथी आधी बसतो. श्रीमंताकडे वकील असतो, शेतकऱ्याकडे फोटो.

बायकांचं वेगळं सांगायला नको. साडीच्या फोटोसाठी ज्यांनी हौसेने चेहरा दिला, त्यांचाच चेहरा घेऊन दुसरं काही बनवणारा कोणीतरी प्रत्येक तालुक्यात असतोच. सप्टेंबरात एका तरुणीने सांगितलं होतं की मूळ फोटोत न दिसणारा हातावरचा तीळ यंत्राच्या चित्रात आला. ते गाजलं आणि पोलीस अधिकाऱ्यांनी नकली संकेतस्थळांपासून सावध राहायला सांगितलं. तीळ योगायोगाने आला असेल, पण त्या दिवसानंतर मुलींच्या मनात बसलेली भीती योगायोगाची नाही. सायबर गुन्ह्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. तिथे फोन करून ‘हा फोटो माझा नाही’ हे सिद्ध करायचं काम मात्र बाईवरच पडतं. यंत्राची खूण डोळ्यांना दिसली असती, तर ते ओझं तिच्यावर पडलं नसतं.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम बदलले. कृत्रिम चित्रांवर ठळक खूण सक्तीची केली, आणि आदेश आल्यावर मजकूर काढण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली. नियम चांगले आहेत, मुदतीच्या गडबडीत खरं लिहिणाऱ्याचाही मजकूर उडेल अशी शंका आहे, तो वाद दिल्लीशी. तुमच्याकडे मागणी यापेक्षा सरळ आहे, आणि तिच्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

चांदणी मोठी करा आणि चित्राच्या मधोमध नको, पण कापता येणार नाही अशा जागी बसवा. पैसे भरणाऱ्याच्या चित्रावरूनही ती काढू नका. अँड्रॉइड तुमचंच आहे. फोटोवर बोट दाबून धरलं की तिथल्या तिथे, खात्यात न शिरता, मराठीत उत्तर येऊ द्या. आणि इतर कंपन्यांच्या खुणाही त्याच एका तपासणीत वाचल्या जातील असं बघा. चित्राचा उगम सांगणाऱ्या सामाईक मानकाच्या गटात तुम्ही २०२४ पासून आहातच. तिथे बसून सह्या करण्यापेक्षा हे लवकर व्हावं.

तुमचा धंदा इथे वाढवायला तुम्ही उशीर केला नाही. ३० ऑक्टोबर २०२५ ला रिलायन्सबरोबर करार जाहीर करून जिओच्या ग्राहकांना ३५,१०० रुपयांची एआय प्रो वर्गणी १८ महिने फुकट दिलीत, सुरुवात १८ ते २५ वयाच्या पोरांपासून. भोकरदनच्या पोरांनीही ती घेतली असणार, फुकट मिळालेलं आम्ही नाकारत नाही. यंत्र द्यायला तुम्ही वय पाहिलंत, सिम पाहिलंत. तपासायची सोय मात्र आम्हीच शोधत फिरायची, हे बरोबर नाही.

आमच्याकडे खरीप जूनमध्ये सुरू होतो आणि नुकसानीचे फोटो ऑगस्टपासून निघू लागतात. ही सोय त्याआधी, मराठीत, प्रत्येक मोबाईलवर द्या.

आपला,
भोकरदनचा एक वापरकर्ता