मध आणि मिरची : घरांतल्या घरांत एक नवें तोंडीलावणें

अलीकडे मोठ्या शहरांतील दुकानांतून 'हॉट हनी' या नांवाची एक लहानशी बाटली दिसूं लागली आहे. मधांत वाळलेली मिरची मुरवून केलेलें हें तोंडीलावणें अमेरिकेंतून आलें. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत मायकेल कर्त्झ या गृहस्थानें तें २०१० च्या सुमारास एका पिझ्झाच्या दुकानांत लोकांस चाखावयास दिलें. त्याची कल्पना त्याला स्वतःला ब्राझील देशांत मिळाली होती. बाटलींतील मालाचा विचार केला तर मध आणि मिरची या दोन जिनसांवांचून तींत फारसें कांहीं नसतें, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या शेतांत व पडवींत या दोन्ही जिनसा आहेत. असें असतां हा पदार्थ शेतकऱ्यानें बाजारांतून विकत आणावा काय? आमचें मत असें कीं, तो घरींच करावा. मात्र कांहीं गोष्टी नीट समजून करावा. या गोष्टी पाककृतींच्या पुस्तकांत बहुधा येत नाहींत, कारण त्यांतील अर्ध्याअधिक स्वयंपाकघरांतल्या नसून शेतांतल्या आहेत.

गोड आणि तिखट यांची सांगड आम्हांस कोणी परक्यानें शिकवावी असें नाहीं. सणावारीं पानाच्या डाव्या बाजूस वाढलें जाणारें पंचामृत म्हणजे चिंच, गूळ, तीळ, दाणे आणि हिरव्या मिरच्यांचे तुकडे यांचाच मेळ होय. गुळांब्यांत व मेथांब्यांत तिखट घालणारीं घरें आजहि आहेत. नवें आहे तें इतकेंच कीं येथें गुळाची जागा मधानें घेतली आहे. आणि मिरचीचा मूळ मुलूख अमेरिका खंड असून ती आपल्याकडे सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आली. तेव्हां आतां तिकडून येणाऱ्या बाटलीस नाकें मुरडण्याचें कारण नाहीं, तसें भारावून जाण्याचेंहि नाहीं.

प्रथम मधाविषयीं. हा पदार्थ महिनोन् महिने टिकतो तो मिरचीमुळें नव्हे, तर मधांत पाणी फार थोडें असतें म्हणून. पक्व मधांत शेंकडा २० हून अधिक पाणी नसावें. त्याहून पातळ मध कांहीं आठवड्यांत फसफसतो व आंबतो. मोहोळ पिळून काढलेला मध बहुधा असाच असतो, कारण पिळतांना भरलेलीं व अर्धवट भरलेलीं घरें, पराग आणि अळ्या एकत्रच चेंगरल्या जातात. आग्या मोहोळास रात्रीं टेंभा लावून मध काढण्याची रीत तर आम्ही सर्वथा त्याज्य मानतों. तींत मध थोडा मिळतो व वसाहत सगळी जाते. ज्याच्या घरीं सातेरी माशांची पेटी आहे त्यानें पेटीच्या वरच्या कप्प्यांतील चौकटी पाहाव्या. तीन चतुर्थांशाहून अधिक घरें माशांनीं मेणानें बंद केलीं असतील तरच ती चौकट मधयंत्रांत घालावी. बंद घर म्हणजे मध पिकला असें माशीनेंच दिलेलें प्रमाणपत्र. ज्यांना पेटी ठेवावयाची आहे पण रीत ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं पुण्यास १९६२ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें खेडें २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. ज्यांस शक्य असेल त्यांनीं तेथें जाऊन हा धंदा डोळ्यांनीं पाहावा.

मिरचीच्या बाबतींत जातीची निवड महत्त्वाची. ब्याडगीनें रंग सुरेख येतो, तिखटपणा बेताचा. लवंगी लहान असली तरी जिभेस झोंबते. दोन भाग ब्याडगी व एक भाग लवंगी असा मेळ आम्हांस पसंत आहे, पण ज्याच्या त्याच्या घरची जीभ वेगळी. तिखटाचें खरें ठिकाण बियांत नसून बी ज्या पांढऱ्या शिरेस चिकटलेलें असतें त्या शिरेंत असतें, हें ध्यानांत ठेवल्यास तिखट कमीजास्त करणें सोपें जातें. मिरची खळ्यांतील उघड्या जमिनीवर वाळत घालूं नये; दंव लागून ती बुरसते, आणि बुरशीचें विष मधांत घालून नाहींसें होत नाहीं. तट्ट्यावर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरावी, रात्रीं झांकावी, आणि मुठींत दाबली असतां कडकन् मोडेल इतकी वाळवावी.

आतां ज्या मुद्द्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली त्याकडे वळूं. मिरचीच्या पिकावर फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांची धाड पडते, पानें आकसतात, बोकड्या येतो, आणि मग पंप खांद्यावरून उतरत नाहीं. आठवड्यास एक फवारणी, कधीं दोन औषधें एकत्र, कधीं दुकानदार देईल तें. शेजारच्या बांधावर पेटी असेल तर त्या औषधाचा पहिला बळी कोण, हें सांगावयास नको. युरोपीय संघानें इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथॉक्झाम या तीन औषधांचा उघड्या शेतांतील वापर २०१८ सालीं बंद केला, तो मधमाश्यांस होणारा अपाय पाहूनच. मिरचीचें फूल स्वतःच्या परागानेंहि फळतें हें खरें. पण माशी फिरली तर फळधारणा सुधारते, आणि त्याच माशीवर बांधापलीकडचें सूर्यफूल, धने व ओवा अवलंबून असतात. म्हणजे ज्याला एकाच शेतांतून मध आणि मिरची दोन्ही हवीं आहेत, त्याला पेटी आणि पंप यांचा तंटा आधीं मिटवावा लागेल.

दुसरी बाजू खाणाऱ्याची. सुमारें चार किलो ओली लाल मिरची वाळून एक किलो होते. पाणी उडून जातें. सालीवर राहिलेल्या औषधाचा जो अंश उन्हानें मोडत नाहीं, तो मात्र तितक्याच मिरच्यांसह चौथाई वजनांत गोळा होतो. भाजीची मिरची निदान धुतली तरी जाते. ही वाळलेली मिरची मधांत आठ आठ दिवस भिजत पडते. विकावयाच्या मिरचीला एक न्याय व घरच्या पोरांबाळांच्या ताटांतल्या मिरचीला दुसरा न्याय, असें आम्ही सुचवीत नाहीं. पण आरंभ घरापासून होतो. दोन वाफे वेगळे राखावे, त्यांवर निंबोळीचा अर्क व निळे चिकट सापळे यांवर भागवावें, उत्पन्न कमी आलें तर येऊं द्यावें. उरलेल्या क्षेत्रांत फवारणी करणें भागच असेल तर ती माशा पेटींत परतल्यावर, सायंकाळीं उशिरा करावी, आणि औषधाच्या चिठ्ठीवर दिलेली तोडणीपूर्वींची मुदत पाळावी. ही मुदत वाचणारे शेतकरी आम्हांस फार थोडे भेटतात. चिठ्ठीचीं अक्षरें मुंगीएवढीं छापणाऱ्यांचाहि त्यांत दोष आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

कृति अगदीं साधी आहे. ५०० ग्रॅम मधास वाळलेली मिरची १० ग्रॅम पुरे. प्रथमच करणारानें ६ ग्रॅमच घ्यावी. देठ काढून मिरची कोरड्या तव्यावर मंद आंचेवर क्षणभर शेकावी, करपूं देऊं नये, आणि खलबत्त्यांत भरड कुटावी. बारीक पूड करूं नये. ती गाळतांना खालीं उतरते व मध गढूळ होतो. कोरड्या बरणींत मध व भरड एकत्र करून ती बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यांत अर्धा तास ठेवावी. पाणी ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊं देऊं नये. मग झांकण लावून आठ दिवस सांवलींत ठेवावी, रोज एकदां कोरड्या चमच्यानें ढवळावी, आणि पुन्हां कोमट करून मलमलीच्या फडक्यांतून गाळावी. मिरचीचें तिखट म्हणजे कॅप्सेसिन. तें तेलांत चटकन् उतरतें, पाण्यांत जवळजवळ उतरतच नाहीं. मध हा साखर व पाणी यांचाच असल्यामुळें फोडणीसारखा येथें क्षणांत गुण येत नाहीं, दिवस द्यावे लागतात. घाई करणारे मध चुलीवर उकळतात. त्यानें तिखट थोडें लवकर उतरतें, पण सुगंध उडतो, रंग काळवंडतो, आणि कारवीचा मध काय किंवा साखरेचा पाक काय, दोहोंची चव एक होते.

मध तापवूं नये असें आयुर्वेदांत सांगितलें आहे व आमच्या पुष्कळ घरांत तें आजहि पाळलें जातें. त्या घरांनीं कोमट पाण्याची पायरी गाळून बरणी तशीच तीन आठवडे ठेवावी. पदार्थ कांहींसा सौम्य होतो, परंतु आम्हांस तोच अधिक आवडतो.

ओली मिरची, आलें किंवा लसूण मधांत घालण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. ओल्या जिनसांचें पाणी सुटून मध पातळ होतो, आंबतो, आणि बंद बरणींत घातक जंतूंस वाव मिळण्याचा संभव असतो. आल्याची चव हवी असेल तर सुंठ आहे. तसेंच एक वर्षाच्या आंतील मुलास मध कोणत्याहि रूपानें चाटवूं नये, बाळघुटींतहि नाहीं. मधांत असूं शकणारीं एका जंतूचीं बीजें मोठ्या माणसास बाधत नाहींत, पण तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत तीं रुजून प्राणावर बेततें. वडीलधाऱ्यांस हें ऐकून नवल वाटेल, परंतु ही गोष्ट आतां पक्की ठरलेली आहे.

खाण्यास हें तोंडीलावणें ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याबरोबर उत्तम लागतें. भाजलेल्या रताळ्यावर व थालीपिठाबरोबरहि शोभतें. पिझ्झा घरीं येत असेल तर त्यावरहि घालावें, आमची हरकत नाहीं.

विक्रीचा विचार ज्यांच्या मनांत येईल त्यांस इतकेंच सांगतों कीं, आधीं एक वर्ष घरीं करून पाहावें. खाण्याचा जिन्नस विकणारास २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालीं नोंदणी करावी लागते, ती लहान धंद्यासहि चुकत नाहीं. आणि मिरची मिसळल्यावर त्यास नुसता 'मध' म्हणून विकतां येत नाहीं, जिन्नस व तारीख चिठ्ठीवर लिहावी लागते. तिखटाच्या आड साखरेचा पाक सहज लपतो, हें या धंद्यांतलें खरें संकट आहे. जिभेला मिरची लागली म्हणजे मधाची पारख संपली. म्हणून ज्याच्याजवळ स्वतःची पेटी नाहीं त्यानें मध आधीं चांखून, शक्य तर तपासून घ्यावा व मग त्यांत मिरची घालावी. आणि गिऱ्हाइकास तो निर्भेळ मध वेगळ्या चमच्यानें दाखविण्याची तयारी ठेवावी.

गाळून राहिलेला मिरचीचा चोथा फेंकूं नये. भाजलेले दाणे, चिंचेचा कोळ व मीठ घालून तो पाट्यावर वाटला तर चांगली चटणी होते. मात्र चिंचेच्या ओलाव्यामुळें ती दोनतीन दिवसांतच संपवावी.