डाव सोडण्याचे गणित

२००३ साली लास व्हेगास येथे पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा झाली, तेव्हा तीत ८३९ स्पर्धक उतरले होते. अंतिम विजय मिळविला तो ख्रिस मनीमेकर या टेनेसी राज्यातील एका हिशेबनिसाने. इंटरनेटवरील ८६ डॉलर प्रवेशमूल्याच्या एका पात्रता-स्पर्धेतून तो तेथवर पोचला होता आणि परतला तो २५ लक्ष डॉलर घेऊन. खातेवह्या सांभाळणाऱ्या माणसाने मुरलेल्या धंदेवाईक खेळाडूंना नमविले, ही वार्ता जगभर गेली. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेत २,५७६ आणि २००६ साली ८,७७३ माणसे उतरली. मनीमेकरचे नाव सर्वांच्या ध्यानात राहिले. उरलेल्या ८३८ जणांची चौकशी करण्याची गरज फारशी कोणास भासली नाही.

या यशकथेतून सर्वसामान्यांनी जो बोध घेतला तो असा, की बेधडक सर्वस्व पणास लावणाऱ्यालाच लक्ष्मी माळ घालते. पोकरचे शास्त्र मात्र याहून पुष्कळच निराळे सांगते. त्या शास्त्राचा सर्वांत मोलाचा धडा पैज लावण्याविषयी नसून डाव सोडण्याविषयी आहे. आणि जे कधी पत्त्याला हातही लावणार नाहीत, त्यांनीसुद्धा तो समजून घ्यावा अशा योग्यतेचा आहे.

खेळाची घडण थोडक्यात अशी. प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेले पत्ते येतात. पाच पत्ते क्रमाक्रमाने मेजावर सर्वांसाठी उघडे होतात. आपली पाळी आली की खेळाडूपुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. दुसऱ्याने लावलेली पैज तितक्याच चिप्स घालून स्वीकारावी, म्हणजे कॉल करावा. पत्ते टाकून डाव सोडावा, म्हणजे फोल्ड करावे. किंवा आपली सारी चळत मेजाच्या मध्यभागी लोटून द्यावी. स्पर्धेत चळत संपली की खेळाडू बाद होतो. शिवाय दोघा खेळाडूंना दर डावाला आळीपाळीने सक्तीची पैज भरावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात आणि ठरावीक वेळाने ती वाढत जाते. म्हणून केवळ चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसणाऱ्याची चळत बसल्या जागी झिजत जाते.

ही झीज मोजण्याची एक सोपी रीत १९९५ सालचा जागतिक विजेता डॅन हॅरिंग्टन याने आपल्या ग्रंथांतून लोकप्रिय केली. हातातील चिप्सना एका फेरीच्या सक्तीच्या खर्चाने भागावे. जो आकडा येईल तितक्या फेऱ्यांचे आयुष्य उरले असे समजावे. फेरीचा खर्च १,५०० आणि चळत ६,००० असेल, तर आयुष्य चार फेऱ्यांचे. आकडा पाचाच्या खाली गेला, की रेंगाळण्यात अर्थ नसतो. सारे लोटावे किंवा पत्ते टाकावेत, हेच दोन मार्ग उरतात.

अशा वेळी सामान्य पत्त्यांवरही चळत लोटणे शहाणपणाचे ठरू शकते, आणि त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे. समजा, ६,००० ची चळत लोटली असता शंभरातील ६० वेळा सारे प्रतिस्पर्धी माघार घेतात. मेजावरचे १,५०० विनासायास मिळतात. ही प्राप्ती ९०,००० झाली. उरलेल्या ४० वेळी मोठा ब्लाइंड भरणारा खेळाडू आव्हान स्वीकारतो आणि त्यातील केवळ १४ वेळा विजय मिळतो, असे धरू. त्या प्रत्येक विजयाचे ६,५०० म्हणजे एकूण ९१,०००. आणि २६ पराभवांचे प्रत्येकी ६,००० म्हणजे १,५६,००० गेले. जमाखर्च मांडला तर २५,००० शिल्लक राहतात. पत्ते उघडल्यावर तिनांतून जवळजवळ दोनदा हरणारा हातही लोटल्यामुळे लाभाचा ठरला, कारण बहुतेक वेळा तो उघडावाच लागला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी.

पैज स्वीकारणाऱ्याची मूठ मात्र झाकलेली राहत नाही. लोटणाऱ्याला विजयाच्या दोन वाटा असतात: समोरच्याने माघार घ्यावी किंवा पत्ते सरस ठरावेत. स्वीकारणाऱ्याला दुसरी वाट तेवढी उरते. म्हणूनच, ज्या पत्त्यांवर स्वतः आक्रमण करता येते त्यांहून सरस पत्ते दुसऱ्याचे आक्रमण स्वीकारण्यास लागतात, हे तत्त्व डेव्हिड स्क्लान्स्की या अभ्यासकाने आग्रहाने मांडले. नवखा खेळाडू नेमके उलटे करतो. लोटण्यास तो कचरतो. पण कोणी आव्हान दिले, की पत्ते टाकण्यात त्याला अपमान वाटतो. द्यूतसभेत युधिष्ठिराचे हेच झाले. आव्हान नाकारणे क्षत्रियाला शोभत नाही, या समजुतीपायी त्याने फाशांपुढे राज्य ठेवले आणि पुढे भावांना, स्वतःला व द्रौपदीलाही पणास लावले.

स्पर्धा अखेरीस आली म्हणजे हे गणित आणखी कठोर होते. समजा, चार खेळाडू उरले आहेत, चौघांची चळत सारखी आहे आणि एक लक्ष डॉलरची तीन बक्षिसे आहेत: ५०,००० चे पहिले, ३०,००० चे दुसरे व २०,००० चे तिसरे. या क्षणी प्रत्येकाच्या चळतीचे मोल २५,००० आहे. एकाने सारे लोटले आणि दुसऱ्याने ते स्वीकारून जिंकले, तर विजेत्याच्या चिप्स दुप्पट होतील. पण त्यांचे मोल दुप्पट होत नाही. ते सुमारे ३८,३३३ भरते. हरणारा रिकाम्या हाताने उठतो. आणि ज्यांनी पत्त्याला बोटही लावले नाही, त्या उरलेल्या दोघांचे मोल २५,००० वरून ३०,८३३ वर चढते! दोघे झुंजले आणि त्या झुंजीचा लाभ बघ्यांनीही वाटून घेतला.

असे होते याचे कारण उघड आहे. पहिले बक्षीस एकूण रकमेच्या निम्मे आहे; साऱ्या चिप्स जिंकल्या तरी त्याहून अधिक मिळायचे नाही. म्हणून जिंकलेली प्रत्येक चिप आधीच्या चिपेहून थोडी स्वस्त असते आणि गमावलेली प्रत्येक चिप अधिक महाग. हे मोल काढण्याचे सूत्र शर्यतीतील घोड्यांच्या क्रमांकांविषयी डेव्हिड हार्विल याने १९७३ साली मांडले होते. पोकरच्या स्पर्धेत तोच विचार मेसन मालमुथ याने १९८७ च्या सुमारास आणला. त्या हिशेबाने वरच्या प्रसंगी पैज स्वीकारायची, तर शंभरात किमान ६५ वेळा विजयाची शक्यता हवी. ६० वेळा जिंकणारा हात स्वीकारला, तर त्याचे सरासरी मोल २३,००० भरते, म्हणजे स्वस्थ बसण्याहून २,००० नी कमी. समोरच्याहून आपले पत्ते सरस आहेत हे ठाऊक असतानाही ते टाकून देणे, ही या खेळातील खरी विद्या होय. शिर सलामत तर पगडी पचास, या म्हणीला गणिताने दिलेली ही पुष्टीच म्हटली पाहिजे.

आपल्याकडे मात्र पत्त्यांच्या खेळाविषयीचा वाद दीर्घकाळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: हा खेळ कौशल्याचा की दैवाचा? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात हा भेद प्रस्थापित केला. १९६७ साली रमी मुख्यतः कौशल्याची आणि तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ दैवाचा, असा निर्वाळा दिला. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली जुगारात काढले; त्याला कौशल्याचा खेळ मानणारे निकालही अन्यत्र झाले. या भेदाचाच आधार घेऊन भ्रमणध्वनीवरील पैशाच्या खेळांनी घराघरांत प्रवेश मिळविला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूस सारला. कौशल्याच्या पुरस्कर्त्यांना तो अन्याय वाटला.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे वरच्या हिशेबावरून कोणासही मान्य करावे लागेल. परंतु कौशल्य आहे म्हणून धोका नाही, हा निष्कर्ष त्याच हिशेबाने खोटा पडतो. ६० वेळा जिंकणारा हात ४० वेळा हरतोच. आणि निर्णय बरोबर होता, एवढ्याने गेलेल्या चिप्स परत येत नाहीत. कौशल्याचे फळ हजारो डावांच्या सरासरीत दिसते. धंदेवाईक खेळाडू त्यासाठी निराळी गंगाजळी राखून ठेवतो. एका स्पर्धेत बाद झाला तर दुसरीत बसतो. शिवाय भरवणारा प्रवेशमूल्यातून आपला वाटा काढून घेतो. तेव्हा साऱ्या खेळाडूंचा एकत्र हिशेब मांडला, तर तो तोट्याचाच भरतो.

शिक्षकाचा वा कारकुनाचा पगार ही अशी गंगाजळी नव्हे. त्याच्यापुढे एकच चळत असते. घरभाडे, वाण्याची उधारी, मुलांची फी या ब्लाइंडांनी ती दर महिन्यास झिजत असते. तिच्यात पडलेली भर थोडी सुखसोय वाढवील. तीतून गेलेली रक्कम मात्र मुलाचे शिक्षण वा आजाऱ्याचे औषध घेऊन जाईल. तेव्हा कायद्याने विचारण्याजोगा खरा प्रश्न कौशल्य किती, हा नसून हरणाऱ्याचे काय जाते, हा आहे. संसदेचा कायदा सर्वांगांनी निर्दोष आहे असे नव्हे. गोव्यातील कॅसिनोंना मोकळीक आणि घरच्या पडद्यावर बंदी, ही विसंगती उरतेच. बंदीने चोरवाटा फुटतात, हाही अनुभव जुना आहे. परंतु प्रश्नाचा रोख त्याने बदलला, हे योग्यच झाले.

कायदा मेजावरची पैज थांबवू शकेल. मनातील ईर्ष्या थांबविणे त्याच्या हाती नाही. तेथे पोकरच्या जाणकारांचीच शिकवण उपयोगी पडेल. आव्हान समोर आले असता पत्ते शांतपणे पालथे ठेवून उठणारा माणूस भित्रा नसतो. आपल्या चळतीचे खरे मोल त्याला कळलेले असते.