कंसातले साहित्य

आमचे गाव आंजी. सरकारी कागदावर मात्र ते 'आंजी (मोठी)' असते. त्या कंसाबद्दल आम्ही कधी तक्रार केली नाही. पत्र बरोबर पोचावे एवढ्यासाठी तो आहे. कंसातला शब्द वाचून कोणी गावाची पारख करीत नाही.

साहित्याच्या पुरस्कारांत मात्र नेमके तेच चालते. माझ्या एका शेतकरी स्नेह्याने आपल्या आईवर पुस्तक लिहिले. नावे बदललेली, दोनचार प्रसंग कल्पनेचे, बाकी सारे घरचे. एका पुरस्कारासाठी त्याने ते 'कादंबरी' म्हणून धाडले. "ही आत्मकथा आहे, विभाग चुकला," असा शेरा घेऊन ते परत आले. पुढल्या वर्षी दुसरीकडे 'आत्मचरित्र' म्हणून धाडले. तेथे नावे खोटी निघाली! पुस्तक बरे की वाईट, हे कोणीच सांगितले नाही. "वाईट आहे म्हणाले असते, तरी चाललं असतं गुरुजी," तो मला म्हणाला. त्यानंतर त्याने लेखणी हाती धरलेली नाही.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रौढ कादंबरीला हरी नारायण आपट्यांचे, आत्मचरित्राला लक्ष्मीबाई टिळकांचे आणि बालकादंबरीला साने गुरुजींचे नाव दिलेले आहे. नावे थोरच आहेत. पण 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' गुरुजींनी आज धाडली, तर ती कोणत्या रकान्यात बसेल? श्याम म्हणजे गुरुजीच, म्हणून आत्मचरित्र? गोष्ट रात्रीमागून रात्र रंगत जाते, म्हणून कादंबरी? मुले वाचतात, म्हणून बालवाङ्मय? मग ती वाचताना डोळे पुसणाऱ्या आजोबांना कोणत्या रकान्यात बसवायचे?

साहित्य अकादमी आपल्या मुख्य पुरस्कारासाठी वर्षाला एका भाषेतले एकच पुस्तक निवडते. 1976 साली तिने गो. नी. दांडेकरांच्या 'स्मरणगाथे'चा गौरव केला. ती कादंबरी की आठवणी, हा वाद खुशाल घालावा. सन्मान त्यावाचून अडला नाही.

विभागच नसले तर विनोदी पुस्तकाला गंभीर कादंबरीपुढे कोण विचारणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. विभाग जरूर असावेत. पण ते ठरवायचे कोणी आणि केव्हा? आमच्याकडे कापूस विकायला नेला की ग्रेडर मूठभर कापूस हाती घेतो, धागा ओढून पाहतो, ओल पाहतो आणि मग प्रत ठरवतो. भावात तो आम्हाला रडवतो, हे खरे. पण शेतकऱ्याने प्रत चुकीची सांगितली म्हणून गाडी माघारी धाडीत नाही. परीक्षकांनी एवढेच करावे. आधी पुस्तक वाचावे. विभाग चुकला वाटला तर आपल्या हाताने योग्य विभागात घालावे. अर्जातल्या चुकीची शिक्षा पुस्तकाला नको.

कंस नात्याने मामा खराच. पण म्हणून नवजात बाळे कोणी त्याच्या हाती देत नाही.