हुकूम दिल्लीचा, पट्टी आमची

सरकारने कायदेच करू नयेत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तेलात भेसळ करणारा, खोटे माप ठेवणारा, बियाण्याच्या नावाने भुसा विकणारा यांच्या पाठीवर कायद्याचा बडगा बसलाच पाहिजे. तो फार थोडा बसतो हीच तर आमची तक्रार. आमचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या जिनसावर हुकूम सुटतो तेव्हा तो कोणाच्या चुलीपर्यंत जाऊन पोहोचेल, याचा हिशेब हुकूम काढणाराने आधी केलेला असतो काय? निदान हुकूम उठल्यावर तरी कोणी करतो काय? कांद्याच्या बाबतीत आम्हांस तसा हिशेब कोठे दिसला नाही.

घडले ते क्रमाने पाहू. 2023 सालच्या फेब्रुवारीत कांद्याला कोणी विचारीना. सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने दहा गोण्या, म्हणजे पाच क्विंटलांवर कांदा बाजारात नेला. किलोला 1 रुपया भाव मिळाला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती 2 रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा! ही बातमी साऱ्या देशाने वाचली व हळहळला. ज्यांची पट्टी याहूनही वाईट निघाली, म्हणजे माल देऊन वर आडत्याचेच देणे झाले, त्या उलट्या पट्टीची बातमी झाली नाही. राज्य सरकारने पुढे क्विंटलास 350 रुपये अनुदान जाहीर केले, तेही 200 क्विंटलांपर्यंतच. असो, जे दिले त्याला आम्ही नावे ठेवीत नाही.

पण भाव पडला तेव्हा जे दिल्लीकर स्वस्थ होते, ते भाव चढताच खडबडून जागे झाले. 19 ऑगस्ट 2023 रोजी निर्यातीवर शेकडा 40 जकात बसली. ऑक्टोबर संपता संपता हुकूम आला की, टनास 800 डॉलरांहून कमी दराने कांदा परदेशी पाठवावयाचा नाही. आणि डिसेंबरच्या 8 तारखेपासून निर्यात साफ बंद!

वाचकांनी महिना ध्यानात घ्यावा. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. त्याच्या अंगात पाणी फार, तो चाळीत टिकत नाही. काढला की थोड्या दिवसांत विकावाच लागतो. उन्हाळ कांद्यावर हुकूम आला असता तर शेतकऱ्याने सड सोसून का होईना, चार महिने दम धरला असता. लाल कांदेवाल्याला दम धरण्याची सोयच नाही. थोड्याच आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आला आणि त्याच भावाने त्याला गाडी रिकामी करावी लागली. हुकूम लिहिणाऱ्याला लाल आणि उन्हाळ यांतला फरक ठाऊक नव्हता, की ठाऊक असून त्याने लिहिला? दोहोंपैकी कोणते उत्तर अधिक लाजिरवाणे, हे त्यांचे त्यांनीच ठरवावे.

यावर शहाणे लोक म्हणतात, जकात तर निर्यातदार भरतो, शेतकऱ्याचे काय गेले? बाबांनो, बाजारात भाव वरून खाली मोजला जातो. समजा, जहाजावर चढताना कांद्याची किंमत किलोस 20 रुपये धरली, तर जकात झाली 8 रुपये. परदेशी गिऱ्हाईक ते 8 रुपये द्यावयास तयार नसते, कारण शेजारीच पाकिस्तानचा व मिसरचा कांदा उभा असतो. निर्यातदार ते आपल्या गाठचे घालीत नाही. तेव्हा लिलावात बोली बोलताना तो तेवढे आधीच कापून बोलतो. जकातीची पावती निर्यातदाराच्या नावे निघते खरी, पण तिचा बराचसा पैसा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या खिशातून जातो. आणि तो भाव नुसत्या निर्यातीच्या गोणीला लागत नाही, त्या दिवशी ओट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीला लागतो. ज्याचा कांदा कधी समुद्रापर्यंत गेला नाही, तोही मारला जातो.

गिऱ्हाईक तुटले त्याचे मोल कोणी धरावे? 2022-23 साली सुमारे 25 लाख टन कांदा या देशातून बाहेर गेला. 2019 च्या सप्टेंबरात बंदी, 2020 च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी. पहिल्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या असता, आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितले, असे भर सभेत हसत हसत बोलून गेल्या. सभा हसली, आम्हांस मात्र हसू आले नाही. ज्या दुकानदाराचा भरवसा नाही त्याच्या दुकानी गिऱ्हाईक किती दिवस जाईल?

2024 च्या मार्चअखेर बंदी उठावयाची होती, ती पुढील हुकूम होईपर्यंत लांबविली. मग एप्रिलात गुजरातेतील 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली. नाशिक-नगरकडे ओरड झाली तेव्हा दोन दिवसांत सहा देशांना 99,150 टन धाडण्याची परवानगी जाहीर झाली. आणि 4 मे रोजी, नाशिकच्या मतदानास पंधरवडा उरला असता, बंदीच उठली. पण शेकडा 40 जकात मात्र पुन्हा बसली, ती पुरती जावयास 1 एप्रिल 2025 उजाडावे लागले. ज्या हुकुमाला धान्याचा कोठार पाहून नव्हे, मतपेटी पाहून पाय फुटतात, त्याला धोरण म्हणण्याची आमची तयारी नाही.

कारागीर बंधूंनी हे दुखणे शेतकऱ्याचे म्हणून दूर ठेवू नये. 1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि 14 कॅरटांहून चोख सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. चीनच्या लढाईनंतर देशास परकीय चलन हवे होते, हेतू वाईट नव्हता. पण 22 कॅरटांचे मंगळसूत्र मागणाऱ्या समाजात 14 कॅरटांचे घेणार कोण? भट्टी विझली ती पेढीवाल्याची नव्हे, फुंकणी फुंकणाऱ्या सोनाराची. घरेच्या घरे उघडी पडली, कित्येकांनी जीव दिला. सोन्याची हाव तर कमी झाली नाहीच, उलट चोरट्या मालाचा धंदा फोफावला आणि दर्याकाठचे तस्कर गबर झाले. 14 कॅरटांची अट 1966 मध्ये गेली. पण सोनाराच्या मानेवरचे नियंत्रण 1968 च्या कायद्याने कायमचे झाले, ते उठावयास 1990 साल आणि मधू दंडवते यावे लागले. सत्तावीस वर्षे! चूक ओळखावयास सरकारला इतका वेळ लागतो, आणि मधल्या काळात मुलगा बापाचा धंदा विसरून जातो.

आता कोणी म्हणेल, शहरातल्या गरिबाने महाग कांदा खावा काय? नाही खाऊ. त्याला स्वस्त द्या, पण आपल्या तिजोरीतून द्या. गिरणीवाल्याचे कापड महागले म्हणून त्याची निर्यात रातोरात कोणी थांबवीत नाही.

आमची मागणी नवी नाही, सरकारचीच आहे. 2014 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ठरविले की, कायदा किंवा नियम करण्याआधी त्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा आणि लोकांच्या जीविकेवर त्याचा काय परिणाम होईल हे सोबत सांगावे. कांद्याचा हुकूम आदल्या दिवशी निघाला व दुसऱ्या दिवशी लागू झाला. आधी सांगितले तर व्यापारी माल पळवतील, हे म्हणणे आम्ही घटकाभर खरे धरतो. मग निदान तीन महिन्यांनी तरी सांगा, की गिऱ्हाईकाचे किती वाचले, शेतकऱ्याचे किती गेले, आणि गेले ते कोण भरून देणार?

पूर्वी आपले लोक म्हणत, कचेरीत आपला माणूस नाही, म्हणून आपले कोणी ऐकत नाही. आता आमदार, खासदार, बाजार समितीचे सभापती पुष्कळ ठिकाणी आपल्याच घरचे आहेत. 8 डिसेंबरला यांपैकी किती जणांनी दिल्लीला खडसावून विचारले? ते पुन्हा गावात येतील तेव्हा हार घालण्याआधी त्यांस हे विचारावे. आणि ज्यांच्या घरी त्या डिसेंबरच्या आधीच्या व नंतरच्या आठवड्यांच्या पट्ट्या असतील, त्यांनी त्या चुलीत घालू नयेत. दोन्ही शेजारी ठेवून गावाच्या ग्रामसभेत वाचाव्यात, फरकाची बेरीज ठरावात लिहून घ्यावी आणि तो ठराव सही-शिक्क्यानिशी आपल्या खासदाराच्या हाती द्यावा.