जाडी बाईची, जबाबदारी कुणाची?

‘वजन कमी करा’ हा सल्ला बाईला सगळेच फुकट देतात. नवरा देतो, सासू देते, शेजारीण देते. काही डॉक्टर तर दुखणे पाठीचे की पोटाचे हे ऐकून घेण्याआधीच देतात. नाशिकरोडच्या वस्त्यांमध्ये महिला गटांबरोबर काम करताना मी हा सल्ला इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला जाहीर उत्तर देणे भाग आहे.

योगासनांना माझा विरोध नाही. विश्वास मंडलिकांनी 1978 मध्ये योग विद्या धाम सुरू केले ते नाशिकलाच. आसनांनी सांधे मोकळे होतात, मन थाऱ्यावर येते. स्थूलतेने मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी वाढते हेही खरे. माझा विरोध आहे तो बाईचे वजन म्हणजे तिच्या आळसाचा आणि हावरटपणाचा पुरावा, असे मानण्याला.

2018-19 च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद रंगला. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांच्या आत उरका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडे थोडे, वेळेवर आणि आपल्या मातीतले खा. त्या गदारोळात एक साधा प्रश्न हरवला: जेवणाची वेळ आणि ताटातले पदार्थ बाईच्या हातात असतात का? प्रेसमधल्या किंवा रेल्वेतल्या पाळीवरून नवरा येईपर्यंत ती ताट घेत नाही. डाळ-भाजी आधी संपते. तिच्या वाट्याला भात, पोळी आणि चहा-बिस्किट. उरलेले फेकवत नाही, म्हणून तेही तिच्याच पोटात. वर उपवासाचा साबुदाणा आणि बटाटा. नवऱ्याने डाएट सुरू केले तर घरात दोन स्वयंपाक होतात आणि दोन्ही तीच करते. तिने सुरू केले तर ‘नखरे’ ठरतात!

आता आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील 23.4 टक्के स्त्रियांचे वजन जास्त, तर 20.8 टक्के स्त्रियांचे कमी होते. 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. कमी वजनाच्या सगळ्याजणी रक्तक्षयी धरल्या, तरी शंभरातल्या तेहतीसएक स्त्रिया अशा उरतात, ज्या हडकुळ्या नाहीत आणि तरीही त्यांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. भरलेले अंग म्हणजे भरलेले पोषण नव्हे. अशा बाईला आणखी उपाशी ठेवणे हा उपचार कसा?

थायरॉईडचा दोष असेल, पीसीओएस असेल, बाळंतपणानंतरचे वजन असेल, एखाद्या औषधाचा परिणाम असेल. तपासणी न करता ‘पहाटे उठून सूर्यनमस्कार घाला’ म्हणणे सोपे आहे. पाच वाजता उठून पाणी भरणारी, डबे करणारी बाई आणखी किती पहाटे उठणार? बसून शिलाईकाम किंवा पॅकिंग करणारीला श्रम भरपूर पडतात, व्यायाम मात्र होत नाही. दोन्हींतला फरक तिला कुणी सांगत नाही.

या अडचणीवर बाजार उभा आहे. ‘महिन्यात इतके किलो’ अशी हमी देणाऱ्या केंद्रांत बचतीचे पैसे जातात. वजन परत आले की दोष पुन्हा बाईच्या इच्छाशक्तीला. लग्नाच्या जाहिरातीत ‘सडपातळ’ मुलगी मागणारा समाज आरोग्याची चिंता करतो यावर विश्वास कसा ठेवायचा?

मैत्रिणींनो, योगाची चटई टाकून देऊ नका. पण मागण्या मात्र घराबाहेर आणि घरातही मांडा. 30 वर्षांपुढच्या प्रत्येकीची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत करण्याचे धोरण आहे. ते आपल्या वस्तीत राबवून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणीही मागा. महापालिकेकडे उजेडाची मैदाने, स्वच्छतागृहे आणि मुलांसाठी पाळणाघर मागा. आणि घरात? डाळ, उसळ, अंडे सगळ्यांना सारखे वाटा, सगळे एकत्र जेवा, आणि संध्याकाळचा एक तास स्वयंपाकघर पुरुषांकडे सोपवा. त्या तासात आसने करायची, चालायचे की नुसते पडून राहायचे, हे बाईला ठरवू द्या.