माळवदाचा भार

सुगी उरकली, खळीं मोडलीं, ज्वारी कणगींत पडली, शिमग्याची राख थंड झाली. पाडवा तोंडावर आला आहे. गांवोगांव घरें सारवण्याची, भिंतींना चुना देण्याची, अंथरुणें-पांघरुणें उन्हांत टाकण्याची लगबग चालू आहे. दारीं गुढी उभी करावयाची तर घर लख्ख असावें, हें आमच्या मायबहिणींना कोणी शिकवावयास नको. परंतु आज आम्हांस वाचकांशीं जें बोलावयाचें आहे तें भिंतीच्या रंगाबद्दल नव्हे. त्या भिंतीच्या माथ्यावर वर्षानुवर्षें जो भार चढत गेला आहे, त्याबद्दल आहे.

मराठवाड्यांत, सोलापुराकडे व देशावरच्या कोरड्या मुलखांत जुनें घर म्हणजे धाब्याचें घर. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंदीच्या भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर. हें घर उन्हाळ्यांत थंड व थंडींत उबदार. आमच्या सुताराच्या व गवंड्याच्या अकलेचें तें फळ आहे. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. दोष घराचा नाहीं, आमच्या एका संवयीचा आहे. पावसाळ्यांत माळवद एके ठिकाणीं गळलें कीं पुढच्या उन्हाळ्यांत आम्ही सगळ्या माळवदावर नवी माती पसरतों. बापानें टाकली, मुलानें टाकली, नातवानें टाकली. जुनी काढावी असें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं.

शाळेंतल्या सातवीच्या पोराला सुटेल असें गणित मांडतों. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक खोली धरा. तिच्या माळवदावर इंचभर माती म्हणजे दहा घनफूट. घनफूटभर कोरड्या मातीचें वजन सुमारें 45 किलो धरलें तर एका उन्हाळ्यांत साडेचार क्विंटल बोजा वाढला. कांहीं माती पावसानें वाहून जाते हें खरें. तरी वीस-पंचवीस वर्षांत थर फूटभर झाला, तर त्या एका खोलीवर 54 क्विंटल माती बसली. ज्वारीचीं शंभर-शंभर किलोचीं 54 पोतीं माळवदावर रचून त्याखालीं पोराबाळांना घेऊन कोणी निजेल काय? आणि ती माती भिजली म्हणजे बोजा आणखी वाढतो.

याचें फळ महाराष्ट्रानें एकदां भोगलें आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपति बोळवून लोक घरोघर झोंपले असतां, लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व भोंवतालचीं गांवें मातीस मिळालीं. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. धरणी हालली ती निसर्गानें. पण माणसें गाडलीं गेलीं तीं घरांच्याच दगडामातीखालीं. पाहणी करणाऱ्या जाणत्यांनीं दोन गोष्टी पुनःपुन्हां सांगितल्या: माळवदावर मातीचा बेसुमार थर होता, आणि भिंतींचे आंतले-बाहेरचे दगड एकमेकांस बांधलेले नव्हते. कित्येक घरांत भिंती ढांसळल्या, पण चांगल्या सुतारानें जोडलेला खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हेंहि लोकांनीं पाहिलें. त्या गांवांचें पुढें पुनर्वसन झालें. पण तशींच जुनीं माळवदें दुसऱ्या अनेक गांवांत अजून माथ्यावर आहेत. त्यांना पडावयास भूकंपच पाहिजे असेंहि नाहीं. श्रावणांतल्या झडीनें भिजलेली भिंत रात्रीं बसते आणि सकाळीं गांव ढिगारा उपसूं लागतो.

दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं स्वतःचें सांगितलें पाहिजे. आमच्या घराचें माळवदहि आम्ही असेंच चढवीत होतों. दिवसां मुलांना घनफळ शिकवीत होतों आणि रात्रीं ज्या छपराखालीं निजत होतों त्याचें घनफळ कधीं काढलें नाहीं. एका पावसाळ्यांत मधली तुळई करकरली. उन्हाळा लागतांच माती उतरविली, तेव्हां एका खोलीवरून ट्रॅक्टरच्या दोन खेपा भरल्या. तुळईचें एक टोंक वाळवीनें पोखरलेलें निघालें. बोटानें दाबतांच भुगा पडला. त्याच टोंकाखालीं आमच्या आईची बाज होती. आमच्या आळसाची याहून अधिक साक्ष ती कोणती?

मग करावयाचें काय? प्रथम घर तपासा. प्रत्येक खांब व तुळई काठीनें ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर लांकूड शाबूत. पोकळ, बद्द आवाज आला तर सुताराला बोलवा. भिंतींत गेलेलीं टोंकें विशेष पाहा, कारण ओल व वाळवी तेथूनच सुरू होते.

दुसरें काम माती उतरविण्याचें. आधीं तुळयांना खालून टेकू द्या, घरांतलीं माणसें व जनावरें बाहेर काढा, मग दोन्ही बाजूंनीं सारखी माती उचला. एका कोपऱ्यांत ढीग केलात तर तेवढ्यानेंच तुळई मोडेल. किल्लारीनंतर जाणत्यांनीं सल्ला दिला तो असा, कीं थर सुमारें वीतभरच ठेवावा आणि त्याच्या मधोमध प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा. पाणी तो कागद अडवील. त्यासाठीं दरसाल मातीची भर नको. वरच्या थराला पन्हळाकडे उतार द्यावा. उतरलेली माती भिंतीशीं लोटूं नका, शेतांत टाका. पांढरीची माती शेताला खत म्हणून आपले वडील नेतच होते.

तिसरें, भिंत. ज्या भिंतीला पोट सुटलें आहे तिला चुना फांसून तें झांकूं नका. तेवढा भाग गवंड्याकडून उकलून पुन्हां रचून घ्या आणि रचतांना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घाला; उभ्यांत दर दोन फुटांवर व आडव्यांत दर चार फुटांवर एक. चौथें, पाणी. पन्हळाचें पाणी जोत्यापासून दूर पडलें पाहिजे, न्हाणीची मोरी वाहती पाहिजे आणि उकिरडा भिंतीला टेकलेला नसावा. एवढें झाल्यावर खुशाल सारवा आणि रंग द्या.

ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांनींहि निर्धास्त राहूं नये. पत्रा उडूं नये म्हणून त्यावर दगड ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. वळवाच्या वादळांत पत्रा तर उडतोच, पण दगड खालीं निजलेल्यांच्या अंगावर येतो. दगड काढून टाका आणि पत्रा वाशांना आंकड्यांनीं घट्ट आवळून घ्या.

आतां पुरुषमंडळींस दोन शब्द. सारवणें, पोतेरें करणें, चुना देणें हें बायकांनीं करावें, हें आपण ठरवून टाकलें. तें त्या बिनबोभाट करतात. माळवद उतरविणें हें आपलें काम, आणि तेंच तेवढें दरसाल राहून जातें. पैसा नाहीं म्हणाल, तर लग्नाच्या मांडवाला तो कोठून येतो? एकट्यानें होत नाहीं म्हणाल, तर सावड कशाला आहे? पेरणीला जशी सावड करतां तशी चार घरांनीं करावी. आज तुमचें माळवद, उद्यां शेजाऱ्याचें. सुतार-गवंड्याला मात्र फुकट राबवूं नये. त्याला आतां बोलवा आणि रोख मजुरी द्या. मृग लागला म्हणजे सारा गांव त्याच्या दारीं उभा राहतो, आणि मग घाईचें काम कच्चेंच होतें.

कोणी म्हणेल, मुहूर्त पाहून हात घालूं. बाबांनो, वाळवी मुहूर्त पाहून तुळई खात नाहीं. पाडव्यापासून मृगापर्यंत जेमतेम दोन-अडीच महिने हातीं आहेत. माती कोरडी आहे, शेतांत काम थोडें आहे. हेच दिवस या कामाचे.

गुढी उंच उभारा. पण ती ज्या माळवदाला टेकवाल त्यावर किती माती आहे, हें आधीं शिडी लावून पाहून घ्या.